भिंतीपलीकडे नेमके काय गेले?

भौतिकशास्त्राचे २०२५ सालचे नोबेल पारितोषिक जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना जाहीर झाले, तेव्हा अनेक बातम्यांत भिंतीतून आरपार जाणाऱ्या चेंडूचे वर्णन होते. त्यावरून वाचकाचा असा समज होतो की, एखादा कण अडथळा भेदून जातो हाच तो शोध. प्रत्यक्षात ते टनेलिंग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ठाऊक झाले होते.

या तिघांनी १९८४-८५ मध्ये बर्कले येथे अभ्यासलेला जोसेफसन जोड म्हणजे दोन अतिवाहक (अतिथंड केल्यावर विजेला शून्य रोध करणारे) धातू आणि त्यांच्यामधला अतिशय पातळ विद्युतरोधक थर. अतिवाहकात इलेक्ट्रॉनांच्या कूपर जोड्या बनतात आणि अशा अब्जावधी जोड्यांचे वर्णन एकाच तरंगाने करता येते. दोन्ही बाजूंच्या तरंगांच्या कलांमध्ये (फेजमध्ये), म्हणजे तरंग आपल्या चक्रात कोठवर आला आहे त्यात, फरक असेल तर व्होल्टेज शून्य असतानाही थरातून प्रवाह वाहतो, हे ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी, गणिताने वर्तवले होते.

जोडातून प्रवाह सोडला की हा कलाफरक तिरप्या धरलेल्या पन्हळी पत्र्याच्या खळग्यात अडकलेल्या गोटीसारखा वागतो. गोटी खळग्यात असेपर्यंत व्होल्टेज शून्य राहते. ती निसटून घरंगळू लागली की लगेच व्होल्टेज उमटते. ही गोटी म्हणजे एखादा कण नसून अख्ख्या विद्युतमंडलाची सामायिक राशी आहे, आणि उंचवटा न चढता पलीकडे गेली ती हीच राशी.

पण ती उष्णतेच्या धक्क्याने उंचवटा चढून गेली नाही, हे कशावरून? उष्णतेमुळे निसटण्याचा दर तापमान उतरवले की झपाट्याने घटतो. येथे मात्र सुमारे २५ मिलिकेल्विनच्या (निरपेक्ष शून्यापेक्षा अंशाच्या चाळिसाव्या भागाइतक्या वरच्या तापमानाच्या) खाली तो घटेनासा झाला. बाहेरून तारांवाटे शिरणाऱ्या मायक्रोवेव्ह गोंगाटानेही असा भास होऊ शकतो, म्हणून तारांवर तांब्याच्या भुकटीचे फिल्टर बसवले होते. त्याहून चोख पडताळा म्हणजे, चुंबकीय क्षेत्राने जोडाचा क्रांतिक प्रवाह, म्हणजे व्होल्टेज न उमटता त्यातून वाहू शकणारा कमाल प्रवाह, कमी केल्यावर त्याच उपकरणात निसटण्याचा दर पुन्हा तापमानाबरहुकूम घटू लागला. गोंगाट कारणीभूत असता तर असे झाले नसते. मला या प्रयोगातला हा भाग नोबेलच्या बातमीपेक्षाही अधिक भावतो.

शरीराचे तापमान सुमारे ३१० केल्विन, म्हणजे या २५ मिलिकेल्विनच्या बारा हजार पटींहून जास्त असते. तेव्हा असल्या प्रयोगांचा दाखला देऊन ‘क्वांटम’ उपचार विकणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करावे.

याच जोडावर मायक्रोवेव्ह सोडल्यावर असेही दिसले की, ठरावीक वारंवारतांनाच गोटी अधिक सहजपणे निसटते; म्हणजे खळग्यातही तिच्या ऊर्जेला अणूसारख्या सुट्या पातळ्या आहेत. खळगा अचूक परवलयाकार नसल्याने या पातळ्यांमधील अंतरे सारखी नसतात, आणि म्हणूनच एका विशिष्ट वारंवारतेने फक्त सर्वांत खालच्या दोन पातळ्यांना हाताळता येते. अतिवाहक क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक, याच दोन पातळ्यांवर चालतो.