रिपोर्ट नॉर्मल, तरी पोटरी फडफडते: एका भीतीची पार्श्वभूमी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिलेन-बारे या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा पायाला साध्या मुंग्या आल्या तरी धस्स व्हायचे. जीबीएसची चाल मात्र ओळखता येते. कमजोरी बहुधा पायांतून वर चढते, दिवसागणिक वाढते आणि चार आठवड्यांच्या आत टोक गाठते. गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय उडत नाही. ज्याची पोटरी आठ महिने फडफडते, पापणी लवते, बोटांना झिणझिण्या येतात आणि तरी जिना धडाधड चढता येतो, त्याचे प्रकरण निराळे. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या भागात फाइल घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाणारा बहुधा हाच असतो आणि त्याच्या मनात एएलएसची, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या नसपेशी मरत जाऊन अंग लुळे पाडणाऱ्या आजाराची, भीती असते.

विदर्भात पाय जाण्याची भीती हवेतून आलेली नाही. लाखोळी डाळ पोटभर खाल्ल्याने पाय ताठरतात हे इथल्या जुन्या पिढीला ठाऊक होते, आणि १९६१ मध्ये केंद्राने त्या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली. एएलएसचे नाव मात्र सामान्य घरांत अलीकडेच पोचले. हा आजार १८६९ पासून वैद्यकाला माहीत आहे, युरोप-अमेरिकेत वर्षाला लाखात साधारण दोघांना होतो. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतण्याचे व्हिडिओ फिरले, २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, आणि ‘पोटरी फडफडणे’ शोधले की पहिल्या पानावर एएलएस दिसू लागला. १९९३ चा एक अमेरिकी अभ्यास तिथे सहसा दिसत नाही. त्यात नुसत्या फडफडीचे १२१ रुग्ण २ ते ३२ वर्षे पाहिले गेले आणि एकालाही एएलएस झाला नाही. उलट एएलएसच्या निदानाचे २००८ चे निकष अर्धेच वाचले जातात. सुईच्या तपासणीत दिसणाऱ्या फडफडीला त्या निकषांनी जास्त वजन दिले हे खरे, पण ज्या स्नायूत नस बिघडल्याच्या इतर खुणा आधीच आहेत त्याच स्नायूत.

या भीतीला आजार केव्हा म्हणायचे, यावर खरा वाद आहे. १९८० च्या अमेरिकी मनोविकार पुस्तिकेत हायपोकॉन्ड्रियासिसची (गंभीर आजार असल्याच्या भीतीच्या निदानाची) अट अशी होती की तपासणीत भीतीला आधार देणारे काही सापडू नये आणि डॉक्टरांनी धीर दिल्यावरही ती टिकावी. सहा महिन्यांची मुदत नंतर जोडली गेली. २०१३ च्या आवृत्तीने ते निदानच मोडीत काढून त्याचे दोन भाग केले. लक्षणे फारशी नाहीत आणि नुसती भीती आहे तो एक गट. त्रासदायक लक्षणे आहेत आणि त्यांच्यापायी विचार, चिंता, वेळ बेसुमार जातो तो दुसरा. जुन्या निदानातले सुमारे तीन चतुर्थांश लोक दुसऱ्या गटात जातील असा तेव्हाचा अंदाज होता. फडफडवाले जवळपास सगळे त्यातच येतात. या गटासाठी ‘वैद्यकीय कारण सापडले नाही’ ही अट काढून टाकण्यात आली.

गदारोळ व्हायचाच होता. आधीच्या आवृत्तीच्या प्रमुखानेच जाहीर विरोध केला. दुसऱ्या गटाची व्याख्या चाचणीदाखल लावून पाहिली तेव्हा कर्करोग किंवा हृदयविकाराच्या रुग्णांपैकी १५ टक्के, आतड्याच्या तक्रारी किंवा अंगभर दुखण्याच्या रुग्णांपैकी २६ टक्के आणि निरोगी लोकांपैकी ७ टक्के या व्याख्येत बसत होते. खऱ्या आजाराच्या माणसाला मनोरुग्ण ठरवाल, हा आक्षेप वजनदार आहे. तरी नसा आणि स्नायूंच्या तक्रारींपुरते बोलायचे तर जुन्या अटीनेच जास्त घोळ घातला. शाकाहारी माणसाचे बी१२ जीवनसत्त्व कमी, समजा १८०, निघाले की कारण सापडले. मग भीतीकडे बघायचे कारण उरत नाही. इंजेक्शने होतात, नस भरून यायला महिने लागतात, मुंग्या राहतात, भीती दुप्पट होते. उलट रिपोर्ट नॉर्मल आला की ‘काही नाही’ म्हणून बोळवण होते, आणि ‘काही नाही’ सिद्ध करण्यासाठी माणूस पुढचा एमआरआय काढतो. त्यात मणक्यातली गादी फुगलेली दिसते. ती लक्षणे नसलेल्यांतही विशीत ३० टक्के आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के लोकांत दिसते, पण हे रिपोर्टवर छापलेले नसते. २०१३ चा नियम कागदावर आला तरी आपल्याकडच्या फायली अजून १९८० च्या अटीवर चालतात.

तपासण्यांचा क्रमही बिघडतो. बी१२ चा नमुना इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू होण्याआधी द्यावा. नंतरचा आकडा चढलेला येतो आणि काही सांगत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन बी१२ उतरवते. ‘नसांच्या’ गोळ्यांत बी६ असते, ते मोठ्या प्रमाणात महिनोन्‌महिने घेतले तर स्वतःच मुंग्या आणते. रक्तातले सीपीके (स्नायूंना ताण पडला की वाढणारे द्रव्य) जिम किंवा लांब चालण्यानंतर काही दिवस वाढलेले राहते. नस नुकतीच दुखावली असेल तर सुईची ईएमजी (स्नायूंतल्या विद्युत हालचालीची तपासणी) दोन-तीन आठवड्यांआधी फसवी निघते. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पायात गोळे येण्यामागे घाम आणि मीठ आधी पाहावे. घाबरून जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. त्या खऱ्याच असतात.

२०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीने हायपोकॉन्ड्रियासिस हे नाव ठेवले, पण ते मंत्रचळाच्या (ओसीडीच्या) गटात हलवले. उपचाराच्या दृष्टीने ही जागा जास्त उपयोगाची आहे, कारण त्रास वाढवते ती तपासत राहण्याची सवय. दिवसातून वीसदा चवड्यावर उभे राहिले की पोटरी थकते आणि जास्तच फडफडते. आरशासमोर जीभ बाहेर काढून धरली तर कोणाचीही थरथरते. डॉक्टर ती तोंडात सैल ठेवून पाहतात. टेपने मोजल्यावर दोन पोटऱ्यांत अर्ध्या-एक सेंटीमीटरचा फरक बहुतेकांना सापडतो.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापासून याच सवयीवर उपचार उभे राहिले. तिथल्याच २०१४ च्या एका चाचणीत इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागांतले ४४४ जण होते, त्यात मेंदूविकार विभागातलेही. पाच ते दहा बैठकींनी भीती उतरली आणि उतरलेली राहिली. पद्धत रुक्ष आहे. आधी आठवडाभर प्रत्येक तपासणी, प्रत्येक गुगल शोध आणि घरच्यांना विचारलेला प्रत्येक ‘काही होणार तर नाही ना?’ लिहून काढायचा. मग ऊर्मी आली की पंधरा मिनिटे थांबायचे, पुढच्या आठवड्यात अर्धा तास. घरच्यांनी धीर देण्याऐवजी आधी ठरलेले एकच वाक्य म्हणायचे: ‘हे आपण तारखेला डॉक्टरांना विचारू.’ धीर दिला की तासभर बरे वाटते आणि प्रश्न परत येतो. घरच्यांना हे फार कठोर वाटते, त्यामुळे योजना बहुधा इथेच मोडते. चिंता-नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या सुरू केल्या तर परिणामाला चार ते सहा आठवडे लागतात; पहिल्या पंधरवड्यात अस्वस्थता, हात थरथरणे वाढू शकते. रुग्ण ते आजार वाढल्याचे लक्षण समजून गोळी सोडतो, म्हणून लिहून देतानाच सांगावे लागते. डॉक्टरांची ओपीडी गर्दीची असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

डॉक्टर एकच ठेवावा आणि भेट सहा-आठ आठवड्यांनी, लक्षण असो वा नसो. त्या भेटीत ताकद, स्नायूंची जाडी आणि हातोडीची प्रतिक्रिया, एवढेच पाहिले जाते. तारखेची वाट न पाहता जायचे ते पाऊल घासटू लागले, कुलपात किल्ली फिरेना, शर्टाची बटणे लागेनात, बोलणे किंवा गिळणे अडू लागले, किंवा लघवीवरचा ताबा गेला तर. कमजोरी काही दिवसांत वर चढत असेल किंवा श्वास लागत असेल तर त्याच दिवशी.