पाय मंद, नजर तरबेज

फेब्रुवारी २००० मध्ये इंडियानापोलिसला टॉम ब्रेडी नावाचा एक सडपातळ तरुण चाचणीसाठी ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर धावला. वेळ लागला ५.२८ सेकंद. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या हिशेबात ही चाल फारच मंद. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडले, तेव्हा ब्रेडीच्या आधी त्याच्याच जागेवर खेळणारे सहा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारे खेळाडू, उचलले गेले. त्याला न्यू इंग्लंड पेट्रियट्सने घेतलं ते सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर. हाच खेळाडू पुढे तेवीस हंगाम खेळला आणि त्याने सात सुपर बोल, म्हणजे लीगचे वार्षिक अंतिम सामने, जिंकले.

मग त्या चाचणीत मोजायचं काय राहून गेलं?

चेंडू हातात आल्यावर क्वार्टरबॅकला मिळतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. समोरून सव्वाशे किलोची माणसं त्याला पाडायला धावत असतात. ताशी ९० किलोमीटर वेगाने फेकलेल्या चेंडूला वीस मीटर जायला ०.८ सेकंद लागतो. तेवढ्यात झेलणारा साथीदार सहा-सात मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून फेक करायची ती रिकाम्या जागेकडे, कित्येकदा साथीदाराने मान वळवण्याआधीच.

त्यात डोळ्याची मर्यादा. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. आपल्याला अगदी स्पष्ट दिसतं ते जवळपास तेवढंच. बाकी सगळं धूसर. प्रतिस्पर्ध्याचे अकरा खेळाडू एकेक करून बघायला वेळच नाही. इथे मदतीला येते ती स्मृती. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंना काही सेकंद पट दाखवला. खऱ्या डावातली मांडणी निष्णातांना नवशिक्यांपेक्षा कितीतरी चांगली आठवली, पण सोंगट्या अस्ताव्यस्त ठेवल्या तेव्हा त्यांची ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. त्यांना सुट्या सोंगट्या नव्हे, ओळखीच्या रचना दिसत होत्या. क्वार्टरबॅकही बचावफळी अशीच वाचतो.

ही ओळख व्हायला वर्षं जातात. पहिल्या हंगामात ब्रेडीने केवळ तीन फेकी केल्या. सप्टेंबर २००१ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर धडकेने छातीत रक्तस्राव होऊन बाहेर गेला आणि ब्रेडी मैदानात उतरला. फेब्रुवारी २००२ मध्ये संघ विजेता होता.

हाताचं श्रेय मला नाकारायचं नाही, पण फेक हातात सुरू होत नाही. उजव्या हाताने फेकणारा डावा पाय रोवतो, मग कंबर वळते, धड, खांदा, कोपर आणि शेवटी बोटं. बोटांवरून सुटताना चेंडूला सेकंदाला दहाएक गिरक्या मिळतात, म्हणून तो भोवऱ्यासारखा स्थिर राहतो. २००८ च्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीच्या त्याच डाव्या पायाच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले आणि पूर्ण हंगाम गेला. २००९ मध्ये पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेपावण्याविरुद्धचा नियम कडक झाला. ब्रेडीच्या दीर्घ कारकिर्दीत अशा नियमांचाही मोठा वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

पाय वयाबरोबर आणखी मंदावतात, पाहिलेल्या रचनांचा साठा मात्र वाढत जातो. २०२१ च्या हंगामात, टँपा बे या संघाकडून खेळताना, ४४ वर्षांच्या ब्रेडीने फेकींतून ५३१६ यार्ड मिळवले. त्या हंगामात लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्वार्टरबॅकला तेवढे जमले नाहीत.