बस मोठी हवी की लवकर यायला हवी?

१५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्ट उपक्रमाची जुन्या बांधणीची शेवटची डिझेल डबल डेकर धावली. मार्ग क्रमांक ४१५, अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झ या औद्योगिक वसाहतीकडे. बस फुलांनी सजवली होती, फोटो काढायला झुंबड उडाली होती. १९३७ साली मुंबईत आलेल्या आणि १९९०च्या सुमारास नऊशेच्या घरात पोहोचलेल्या या बसगाड्यांबद्दल तेव्हा पुष्कळ लिहून आलं, आणि ते सगळं आठवणींचं होतं. एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही: स्टेशनपासून कामाच्या जागेपर्यंत जाणाऱ्या अशा छोट्या उपनगरी मार्गावर मुळात कोणती बस असायला हवी? डबल डेकर, बारा मीटरची साधी बस, नऊ मीटरची मिडी की सात मीटरची मिनी? हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी गणिताने काढता येतं, आणि त्या गणिताला पन्नासहून अधिक वर्षं झाली आहेत.

आधी मार्गाचा स्वभाव बघू. मुंबईची लोकल उत्तर-दक्षिण धावते, त्यामुळे उपनगरांतल्या बसचं मोठं काम पूर्व-पश्चिम असतं. स्टेशनवर सोडायचं आणि स्टेशनवरून न्यायचं. तरी सगळे मार्ग सारखे नाहीत. अंधेरी ते घाटकोपर जाणारी ३४० घ्या. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर चकाला, मरोळ, साकीनाका, पुढे असल्फा असं करत ती जाते आणि वाटेत माणसं सतत चढत-उतरत असतात. एकच सीट एका फेरीत तिघाचौघांना मिळून जाते. याउलट कुर्ला स्टेशनहून बीकेसीमार्गे, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयांवरून, वांद्र्याला जाणारी ३१०. सकाळी कुर्ल्याला बस एका दमात भरते आणि बीकेसीत एका दमात रिकामी होते. परतीच्या फेरीत सकाळी फार कमी माणसं. संध्याकाळी सगळं उलटं.

म्हणून ‘या मार्गावर रोज इतके हजार प्रवासी’ एवढ्याच आकड्यावरून बस ठरवता येत नाही. वाहतूक नियोजनात बघतात तो आकडा वेगळा असतो: सर्वांत गर्दीच्या तासात, सर्वांत गर्दीच्या टप्प्यावर, एका दिशेने बसमध्ये एकाच वेळी किती माणसं असतात. ३४०सारख्या मार्गाची दिवसाची प्रवासीसंख्या भरपूर असूनही या टप्प्यावरची गर्दी सहन होण्याजोगी असू शकते, आणि ३१०सारख्या मार्गावर एकूण संख्या कमी असूनही सकाळी साडेनऊला दारात लटकायची वेळ येते. बस किती मोठी हवी हे दुसऱ्या आकड्यावरून ठरतं.

ती किती वेळाने यावी, याचं गणित मात्र वेगळं आहे. १९७२ साली हर्बर्ट मोरिंग या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने एक साधी पण दूरवर पोहोचणारी गोष्ट मांडली. बससेवेचा खर्च फक्त बस चालवणाऱ्याचा नसतो. थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाचा वेळ हाही त्याच सेवेचा खर्च आहे, फक्त तो कुठल्या वहीत लिहिला जात नाही. दोन्ही एकत्र धरले तर काय होतं?

समजा, एका उपनगरी मार्गावर दुपारच्या वेळी तासाला १२० प्रवासी आहेत. मोठ्या बसच्या एका फेरीचा खर्च ४०० रुपये धरू, आणि उभं राहून वाट पाहण्याच्या एका तासाची किंमत ६० रुपये. आकडे हिशेबापुरते आहेत. तासाला दोन फेऱ्या सोडल्या तर प्रत्येक बसला ६० प्रवासी मिळतात. आगाराच्या दृष्टीने उत्तम, खर्च ८०० रुपये. पण दर तीस मिनिटांनी बस म्हणजे सरासरी पंधरा मिनिटं थांबणं. १२० माणसांचा तो वेळ झाला १,८०० रुपयांचा. एकूण २,६००. आता तासाला तीन फेऱ्या करा. बसचा खर्च १,२००, थांबण्याचाही १,२००, एकूण २,४००. उपक्रमाच्या खिशातून चारशे जास्त गेले आणि प्रवाशांचे सहाशे वाचले.

आता त्याच मार्गावर मिनी बस आणा. तिच्या फेरीचा खर्च २२५ रुपये धरू. अर्ध्याहून थोडा जास्तच धरला आहे, कारण बस अर्धी झाली म्हणून चालकाचा पगार अर्धा होत नाही. तासाला चार फेऱ्यांचे ९०० रुपये होतात, सरासरी थांबणं साडेसात मिनिटांवर येतं, त्याचेही ९०० रुपये. एकूण १,८००. प्रत्येक फेरीला ३० प्रवासी, म्हणजे मिनी बस भरलेली, पण चेंगराचेंगरी नाही. वर्दळ कमी असलेल्या वेळी आणि कमी वर्दळीच्या मार्गांवर छोटी बस लवकर लवकर सोडणं फायद्याचं का ठरतं, ते या दोन परिच्छेदांत येतं.

हा एकूण खर्च सर्वांत कमी ठेवायला किती फेऱ्या हव्यात, याच्या मोरिंगच्या सूत्रात प्रवासीसंख्येचं वर्गमूळ आहे. प्रवासी चौपट झाले तर फेऱ्या चौपट करायच्या नसतात, दुप्पट करायच्या असतात. म्हणजे प्रत्येक फेरीतले प्रवासीही दुप्पट होतात, आणि तिथे मोठ्या बसची पाळी येते. प्रवासी वाढले की बस मोठीही व्हावी आणि लवकरही यावी, दोन्ही थोडं थोडं. यातली सुंदर गोष्ट अशी की नवे प्रवासी आल्याने जुन्या प्रवाशांचं थांबणं कमी होतं. रस्त्यावर मोटारी वाढल्या की प्रत्येकाचा वेग कमी होतो. बसला माणसं वाढली, आणि त्यांच्यासाठी फेऱ्या वाढवल्या, तर सगळ्यांचाच वेळ वाचतो. हे चक्र उलटंही फिरतं, आणि मुंबईने ते उलटं फिरताना बघितलं आहे.

थांबण्याच्या वेळेबद्दल आणखी एक गोष्ट. प्रवाशांच्या निवडींचा अभ्यास केला तर थांब्यावरचं एक मिनिट बसमधल्या साधारण दोन मिनिटांइतकं जड वाटतं असं पुन्हा पुन्हा दिसतं. उपनगरातला प्रवास तीन-चार किलोमीटरचा. बसमध्ये पंधरा मिनिटं आणि थांब्यावर वीस मिनिटं असतील, तर माणूस शेअर रिक्षाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. तीन सीट भरल्या की रिक्षा सुटते, दुसरी मागे उभीच असते. पैसे जास्त जातात, आसन अवघडलेलं असतं, तरी रांग हलत राहते. अंधेरीत, कुर्ल्यात, घाटकोपरात बसची खरी स्पर्धा या रिक्षाशी आहे, आणि रिक्षा जिंकते ती बहुतेक वेळा लवकर सुटते म्हणून.

बेस्टने ९ जुलै २०१९पासून भाडं उतरवलं. साध्या बसचं किमान भाडं आठवरून पाच रुपये, वातानुकूलित बसचं वीसवरून सहा रुपये. भाडं आणि प्रवासी यांच्या नात्याचा एक जुना अंदाज आहे, फिलाडेल्फियाच्या सिम्प्सन अँड कर्टिन या सल्लागारांच्या नावाने ओळखला जाणारा: भाडं एक टक्का वाढलं तर प्रवासी सुमारे ०.३ टक्का कमी होतात. तो उलटा लावला तर आठाचे पाच झाल्यावर प्रवासी अकरा-बारा टक्के वाढायला हवे होते. प्रत्यक्षात, वीस लाखांच्या आत घसरलेली रोजची प्रवासीसंख्या काही महिन्यांत तीस लाखांच्या घरात गेली. माझ्या मते याची दोन कारणं एकत्र आली. छोट्या अंतराच्या प्रवाशापुढे पायी जाणं आणि शेअर रिक्षा असे दोन तयार पर्याय असतात, त्यामुळे तो भाड्याला जास्त संवेदनशील असतो. शिवाय त्याच सुमारास भाडेतत्त्वावरच्या वातानुकूलित छोट्या बस रस्त्यावर येऊ लागल्या होत्या. स्वस्त आणि गार, दोन्ही एकदम मिळालं.

पण छोट्या बसच्या बाबतीत इथे एक घोटाळा झाला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. वरचं सगळं गणित एका अटीवर उभं आहे: बस छोटी केली तर फेऱ्या वाढवायच्या. एका मोठ्या बसच्या जागी एकच छोटी बस आणली तर थांबणं तेवढंच राहतं आणि जागा निम्मी होते. २०१०च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांहून अधिक बस होत्या. २०१९मध्ये कामगार संघटनेबरोबरच्या करारात स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ बस राखायचं ठरलं होतं. २०२५पर्यंत मालकीच्या आणि भाड्याच्या अशा सगळ्या मिळून तीन हजारही उरल्या नाहीत. मधल्या काळात मिनी बस पुरवणारे काही कंत्राटदार काम अर्धवट सोडून गेले. बसचा आकार कमी झाला आणि संख्याही कमी झाली. त्यामुळे लोकांच्या मनात ‘मिनी बस म्हणजे चेंगरणं’ असं समीकरण बसलं. त्यात दोष मिनी बसचा कमी आणि आलेल्या गाड्यांच्या संख्येचा जास्त. ९ मे २०२५पासून किमान भाडं दहा आणि वातानुकूलितचं बारा रुपये झालं, तेव्हा प्रवाशांची तक्रारही बऱ्याच अंशी हीच होती: दुप्पट देऊ, पण बस कुठे आहे?

आता जरा थांब्यावरच उभे राहू, कारण दर दहा मिनिटांनी बस सोडली म्हणजे ती दर दहा मिनिटांनी येते असं नाही. समजा, साकीनाक्याच्या सिग्नलला एक बस दोन मिनिटं अडकली. पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. एकेकाला चढायला दोन-तीन सेकंद, वर कुणी दारातच उभं राहून सुटे पैसे काढतंय, म्हणजे आणखी अर्धं मिनिट गेलं. त्यापुढच्या थांब्यावर त्याहून जास्त गर्दी. मागच्या बसला मात्र उरलेली थोडीच माणसं मिळतात, ती झपझप पुढे येते. काही थांब्यांनंतर दोन्ही बस एकामागे एक, पुढची खच्चून भरलेली आणि मागची अर्धी रिकामी. १९६४ साली गॉर्डन न्यूवेल आणि रेनफ्रे पॉट्स यांनी हे गणिताने दाखवून दिलं. चालक कितीही सरळ असला तरी वेळापत्रक आपोआप विस्कटतं, कारण उशिराने आणखी उशीर होत जातो.

याची किंमत बघा. दर दहा मिनिटांनी नेमकी बस आली तर सरासरी थांबणं पाच मिनिटांचं. त्याच दोन बस एकदा अठरा आणि एकदा दोन मिनिटांच्या अंतराने आल्या, तर सरासरी थांबणं ८.२ मिनिटं. बस तेवढ्याच, चालक तेवढेच, डिझेल किंवा वीज तेवढीच. तरी थांबणं साठ टक्क्यांहून जास्त वाढलं. अठरा मिनिटांच्या पोकळीत येणारी माणसं जास्त असतात, म्हणून सरासरी वर जाते. ‘बस येतच नाही आणि आल्या की दोन येतात’ ही तक्रार थांब्यावरच्या माणसाच्या बाजूने अगदी बरोबर आहे, आगाराच्या नोंदीत फेऱ्या पूर्ण दिसत असल्या तरी.

इथे गाडीची बांधणी महत्त्वाची ठरते. रस्त्यापासून कमी उंचीवर असलेला बसचा तळ, दोन रुंद दारं, एकातून चढणं आणि दुसऱ्यातून उतरणं असेल तर थांब्यावरची सेकंदं वाचतात आणि विस्कटणं मंदावतं. एकच अरुंद दार असलेली मिनी इथे कमी पडते. डबल डेकरही कमी पडते, वेगळ्या कारणाने. दहा-बारा मिनिटांच्या प्रवासाला अनेक जण जिना चढून वर जातच नाहीत. वर सीट रिकाम्या, खाली दाटी, आणि उतरताना जिन्यावर खोळंबा. जुन्या डबल डेकरला वर एक आणि खाली एक असे दोन वाहक लागत. फेब्रुवारी २०२३मध्ये आलेल्या विजेवरच्या वातानुकूलित डबल डेकरला दोन जिने आहेत, त्यामुळे खोळंबा थोडा कमी झाला. लांब पल्ल्याचे प्रवासी असलेल्या, रुंद रस्त्याच्या मार्गावर ती चांगली बस आहे. रस्त्याच्या तेवढ्याच लांबीत ती जास्त माणसं नेते.

विजेच्या बसने हिशेब थोडा बदलला आहे. ती महाग घ्यावी लागते, पण चालवायला स्वस्त पडते. मोठ्या बसला किलोमीटरला साधारण एक ते दीड युनिट वीज लागते, आणि दर दोनशे मीटरला ब्रेक लागणाऱ्या रस्त्यावर ब्रेकची काही ऊर्जा परत बॅटरीत जाते. डिझेल बस याच रस्त्यावर सर्वांत वाईट चालते. फेरीचा खर्च उतरला की मोरिंगच्या सूत्रानुसार फेऱ्या वाढवणं परवडतं. वाचलेले पैसे तिकडे जातात की नाही, हे मात्र सूत्र ठरवत नाही. किलोमीटरमागे ठरलेला दर देऊन बस भाड्याने घेतली, तर एकेक फेरी कमी करणं हाच पैसे वाचवण्याचा सोपा मार्ग होऊन बसतो.

मोठी बस सगळीकडे जाऊही शकत नाही. असल्फा, विक्रोळी पार्कसाइट, भांडुपच्या टेकडीवरच्या वस्त्या इथे चढ, आखूड वळणं, दोन्ही बाजूंना उभ्या दुचाकी. बारा मीटरची बस वळली की समोरची सगळी वाहतूक थांबते. तिथे मिनी किंवा मिडीच हवी, पण दर सात-आठ मिनिटांनी. आणि ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने ३४०च्या मार्गाचंच काम बदललं. टोकापासून टोकापर्यंत जाणारा प्रवासी एकवीस मिनिटांच्या मेट्रोत गेला. उरलेल्या प्रवाशाला मेट्रो स्थानकापासून आतल्या गल्लीत जायचं आहे, ते अंतर दोन किलोमीटर आहे आणि दहा मिनिटं थांबायची त्याची तयारी नाही.

या मार्गांवर कोणती बस सोडायची ते ठरवताना बहुतेक वेळा तिकीट मशीनचा डेटा बघितला जातो. त्यात चढलेली माणसं दिसतात. दहा मिनिटं वाट बघून रिक्षात बसलेली दिसत नाहीत. पण बसवर आता जीपीएस आहे, चलो ॲपवर ती कुठे आहे हे प्रवाशाला दिसतं. म्हणजे दोन बसमधलं खरं अंतर प्रत्येक थांब्यावर नोंदवता येतं. ताफ्यात किती बस आल्या हा आकडा जसा जाहीर होतो, तसा प्रत्येक मार्गावर प्रवासी सरासरी किती मिनिटं थांबला हाही जाहीर व्हावा. ४१५वर बारा मीटरची बस हवी की मिडी, यावरचा वाद मग आठवड्याभरात मिटेल.