टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? ग्राहकांसाठी माहिती

"बेल्ट बघून सांगा, अजून चालेल ना?" या प्रश्नाचं खरं उत्तर असं की, नुसतं बघून ते सांगता येत नाही. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला रबरी दातेरी पट्टा. पिस्टनला जोडलेला क्रँक आणि व्हॉल्व उघडणारा कॅम यांना तो एका तालात फिरवतो. ताण पेलतात ते रबराच्या आतले काचतंतूचे दोर, आणि ते थकलेले डोळ्यांना दिसत नाहीत. भेगा पडल्या असतील, दात्यांची कडा झिजली असेल किंवा बेल्ट तेलाने ओला असेल तर तो बदलायचाच. पण यातलं काहीच दिसलं नाही म्हणून बेल्ट चांगला, असं समजू नका. आवाजावरही भिस्त ठेवू नका. सकाळी स्टार्ट करताना येणारी चीं-चीं बहुतेक वेळा बाहेरच्या फॅन बेल्टची असते. टायमिंग बेल्ट सहसा न सांगताच जातो.

आधी आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन, ते पाहा. डस्टर आणि टेरानोचं दीड लिटर डिझेल, इकोस्पोर्टचं दीड लिटर डिझेल, जुन्या इनोव्हाचं अडीच लिटर डिझेल, फोक्सवॅगन-स्कोडाची बहुतेक टीडीआय डिझेल आणि एक लिटर टीएसआय पेट्रोल, जुनी सँट्रो, मारुती 800 या गाड्यांत बेल्ट आहे. स्विफ्टच्या 1.3 डिझेलमध्ये आणि मारुतीच्या के-सिरीज पेट्रोलमध्ये चेन आहे. चेनवाल्यांनी इंजिन ऑइल वेळेवर बदलावं, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

बेल्ट तुटला की क्रँक फिरत राहतो, कॅम थांबतो. उघडे राहिलेले व्हॉल्व वर येणाऱ्या पिस्टनवर आपटतात आणि वाकतात. डिझेल इंजिनात हे जवळपास ठरलेलंच. मग हेड, म्हणजे व्हॉल्व असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचं, व्हॉल्व, गाइड, गॅस्केट, कधी पिस्टनसुद्धा. बेल्टच्या कामाला साधारण अर्धा दिवस पुरतो, हेडच्या कामाला आठवडा जातो आणि बिल कितीतरी पटीने वाढतं.

आता मुदत. गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे असतील, तर जो आधी भरेल तो धरायचा. बऱ्याच इंजिनांचा आकडा 60 हजार ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान असतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलचाही वेगळा असू शकतो. गाडी वर्षभर सोसायटीत उभी असली तरी रबर म्हातारं होतच असतं.

पुण्यात आणखी एक हिशेब करावा लागतो. मीटर किलोमीटर मोजतो, बेल्ट इंजिनचे फेरे मोजतो. सरासरी 20 च्या वेगाने सिंहगड रस्ता नाहीतर हिंजवडी गाठणाऱ्या गाडीचं इंजिन 1 लाख किलोमीटरला 5,000 तास चाललेलं असतं; एक्स्प्रेसवेवर 80 ने जाणाऱ्या गाडीचं तेवढ्याच किलोमीटरला 1,250 तास. हायवेला फेरे जास्त जलद होतात, म्हणून झीज काही चौपट होत नाही, पण फरक मोठाच राहतो. त्यामुळे गाडी फक्त शहरात फिरत असेल तर पुस्तकातल्या किलोमीटरच्या 80 टक्क्यांवर बेल्ट बदलावा, असं आमचं मत आहे. पुस्तकात खडतर वापरासाठी वेगळा रकाना असेल, तर तोच आपला समजा.

जुनी गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याचं बिल मिळालं नाही, तर मीटरवर काहीही असो, आधी बेल्ट बदला. जुन्या इनोव्हात डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो. तो बेल्ट तपासत नाही, नुसते किलोमीटर मोजतो. बेल्ट न बदलताही तो कुणी रिसेट केलेला असू शकतो.

नुसता बेल्ट टाकून पैसे वाचत नाहीत. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी पुली) यांचं बेअरिंग बेल्टइतकंच चाललेलं असतं. ते जाम झालं तर नवा बेल्टही जातो. वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही आताच बदला, कारण सहा महिन्यांनी तो गळू लागला की सगळी उघडझाक आणि मजुरी पुन्हा. कॅम आणि क्रँकचं ऑइल सील पाझरत असेल तर तेही. पंप बदलला की कूलंट नवा भरून एअर काढावी लागते. कंपनीने पुन्हा वापरू नका म्हटलेले बोल्ट नवेच हवेत.

काम करताना कॅम-क्रँक पिनने लॉक करायचे, टेन्शन कंपनीच्या पद्धतीने द्यायचं, बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचे. मग इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून कॅम-क्रँकच्या खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचं. ही शेवटची पायरी टाळली आणि एक दाता चुकला, तर पिकअप पडतो, गाडी थरथरते, चेक इंजिनचा दिवा लागतो. काम झाल्यावर नवीच गुणगुण ऐकू आली तर बेल्ट बहुधा जास्त ताणला गेलाय. लगेच परत आणा. जुने पार्ट मागून घ्या, आणि तारीख व किलोमीटर लिहिलेलं स्टिकर बेल्टच्या कव्हरवर लागलंय ना, ते पाहा.

चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडलं आणि नंतर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, मोकळा फिरला, तर बेल्टचा संशय घ्या. इंजिन बंद असताना ब्रेकचं पेडल एक-दोनदाच सहज दाबलं जाईल, नंतर जड होईल, म्हणून लगेच कडेला घ्या. पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, गिअरमध्ये टाकून धक्का तर अजिबात नको. गाडी टो करूनच आणा.