बॅटरी व व्होल्टची निवड : कॉर्डलेस हत्यारे आणि कॅम्पर व्हॅन

विद्युतघटाचा दाब, म्हणजे व्होल्टेज, त्यातील रसायनावरून ठरतो. शिसे-आम्ल घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, निकेल-कॅडमियमचा १.२, नेहमीच्या लिथियम-आयनचा ३.६ ते ३.७ आणि लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३.२ व्होल्ट असतो. घट एकापुढे एक जोडले की दाबांची बेरीज होते. शेजारीशेजारी जोडले तर दाब तोच राहतो आणि अँपिअर-तास (किती प्रवाह किती वेळ मिळेल याचे माप) वाढतात. ड्रिलवरचे १८, २०, २१ आणि गाडीतले १२, २४, ४८ हे आकडे याच बेरजेतून आलेले आहेत. दुकानात ‘किती व्होल्टची?’ हा प्रश्न आधी येतो आणि ‘किती एएचची?’, म्हणजे किती अँपिअर-तासांची, हा नंतर. निवडीला खरा उपयोग होतो तो या दोहोंच्या गुणाकाराचा, म्हणजे वॉट-तासांचा.

उगम : विजेवरचे ड्रिल बॅटरीच्या ड्रिलहून बरेच जुने आहे. मेलबर्नमधील आर्नट व ब्रेन यांचे १८८९ चे यंत्र आणि श्टुटगार्टच्या फाइन कंपनीचे १८९५ चे हातात धरण्याजोगे ड्रिल हे त्याचे आरंभबिंदू मानतात. तारेपासून सुटका होण्यास आणखी साठेक वर्षे लागली. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम घटांवरचे ड्रिल बाजारात आणले आणि बहुतेक अभ्यासक त्यालाच पहिले कॉर्डलेस हत्यार धरतात. कॉर्डलेस हत्यारे नासाने चंद्रमोहिमेसाठी शोधली, असे मात्र अजूनही पुष्कळ ठिकाणी छापले जाते. कालक्रम पाहता हे मत टिकत नाही. नासाचे काम करणाऱ्या मार्टिन मारिएटा कंपनीने ब्लॅक अँड डेकरला सोबत घेतले ते ड्रिल दुकानात आल्यानंतर, १९६० च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास. चंद्राच्या पृष्ठभागात भोक पाडणारे यंत्र प्रत्यक्ष चालले ते १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत. नासानेही या शोधाचे श्रेय आपल्याकडे घेतलेले नाही. अंतराळकामाचा हातभार असलाच तर तो मोटरीच्या आखणीत शोधावा लागेल; थोड्या विजेत जास्त काम कसे निघेल याचा हिशेब त्या कामासाठी संगणकावर मांडला गेला आणि पुढे घरगुती यंत्रांच्या मोटरींना तो उपयोगी पडला.

जपानच्या माकिता कंपनीने १९६९ मध्ये पुन्हा चार्ज होणारे ड्रिल आणले. तरी सुताराच्या पेटीत अशा यंत्राला जागा मिळू लागली ती १९७८ च्या ७.२ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम यंत्रापासून, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लिथियम-आयन घट सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. हत्यारांत तो ठळकपणे दिसतो २००५ मध्ये, मिलवॉकी या अमेरिकी कंपनीच्या २८ व्होल्ट यंत्रांत.

१८, २० आणि २१ : निकेल-कॅडमियमच्या काळात ६ घटांचे ७.२, ८ घटांचे ९.६, १२ घटांचे १४.४ आणि १५ घटांचे १८ व्होल्ट अशी चढती शिडी होती. लिथियमचा एक घट ३.६ व्होल्टचा, म्हणजे बरोबर तीन निकेल घटांएवढा. त्यामुळे १५ घटांच्या जागी ५ घट आले आणि १८ चा आकडा जसाच्या तसा राहिला. रसायन बदलूनही आकडा टिकला, याचे कारण हा योगायोग आहे. पुढे २०११ मध्ये डिवॉल्ट कंपनीने अमेरिकेत त्याच पाच घटांना ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हटले. पूर्ण चार्ज झालेला घट भार नसताना चार व्होल्टच्या थोडा वर असतो, त्या दाबाची ही बेरीज. जुन्या निकेलच्या १८ व्होल्ट यंत्रांत नवा पॅक कोणी घालू नये म्हणून नाव बदलले, असे एक मत आहे. दुसरे मत याला निव्वळ विक्रीची सोय मानते. युरोपातही जुनी १८ व्होल्ट यंत्रे होती आणि तिथे हाच नवा पॅक १८ म्हणूनच विकला गेला, हे ध्यानात घेता दुसऱ्या मताकडे झुकावे लागते. ‘२१ व्होल्ट’ लिहिलेल्या यंत्रांतही पाचच घट असतात. प्रत्येकाचा काठोकाठ भरलेला ४.२ व्होल्टचा दाब तिथे मोजलेला असतो. १८, २० आणि २१ या तिन्ही पाट्यांमागे जोर एकाच पायरीचा आहे. ३६ व्होल्ट आणि ‘४० मॅक्स’ यांचे नातेही असेच, दोहोंत दहा घट.

चार अँपिअर-तासांचा जुना १८ व्होल्ट पॅक उघडला तर आत दहा नळकांडी दिसतात. प्रत्येकाची जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर, त्यावरूनच १८६५० हे नाव पडले. दोन-दोन घट शेजारी, अशा पाच जोड्या निकेलच्या पातळ पट्ट्यांनी डाग देऊन जोडलेल्या असतात आणि कडेला इलेक्ट्रॉनिक सर्किटची एक हिरवी पाटी बसवलेली असते. एका जोडीचा दाब फार खाली गेला की चार्जर सगळा पॅक नाकारतो. आपण ‘बॅटरी गेली’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा चार जोड्या धडधाकट असतात. एवढ्यावरून एकच जोडी बदलण्याचा मोह मात्र टाळावा, कारण जुन्या-नव्या घटांची क्षमता जुळत नाही आणि कमकुवत जोडी चार्जिंगमध्ये तापते. दोन आणि चार अँपिअर-तासांच्या पॅकांचा दाब सारखा असला तरी ग्राइंडरला चार अँपिअर-तासांचाच लावावा. तिथे प्रवाह दोन घटांत वाटला जातो आणि यंत्र भाराखाली दमत नाही.

सांगली जिल्ह्यातील वापर : तासगाव, मिरज, पलूस भागांतील द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी हे हाताच्या पंज्याची परीक्षा पाहणारे काम असते. तिथे बॅटरीची कात्री आली आहे. १६.८ व्होल्ट लिहिलेली कात्री चार घटांची आणि २१ व्होल्टची पाच घटांची. मंडपाखाली दिवसभर हात वर धरून काम करायचे असल्याने येथे वजन व्होल्टहून मोलाचे ठरते. लहान पॅक कात्रीत आणि दोन पॅक खिशात, हीच वाटणी सोयीची. पाठीवरच्या फवारणी पंपात अजून पुष्कळदा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. तिचे ९६ वॉट-तास होतात. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या ड्रिल पॅकचे ९० होतात. ऊर्जा जवळजवळ सारखी, पण पहिलीचे वजन अडीच किलोच्या आसपास आणि दुसऱ्याचे पाऊण किलोहून कमी. फवारणीचा हंगाम संपल्यावर शिशाची बॅटरी तशीच उतरलेली ठेवली तर प्लेटांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसते आणि पुढच्या हंगामात ती चार्ज घेत नाही. लिथियमचे पथ्य निराळे आहे, ती अर्धी भरून सावलीत ठेवावी. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ती चार्जिंगला लावू नये.

गाडीतील १२ व २४ व्होल्ट : कॅडिलॅकच्या १९१२ च्या विजेच्या स्टार्टरमध्ये सुरू करण्यासाठी २४ आणि दिव्यांसाठी ६ व्होल्ट अशी दुहेरी मांडणी होती. नंतर सर्वत्र ६ व्होल्ट रुळले आणि १९५० च्या दशकात मोठ्या इंजिनांमुळे अमेरिकी गाड्या १२ कडे वळल्या. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ४२ व्होल्टचा प्रस्ताव आला आणि मागे पडला. आज लहान-मध्यम व्हॅन १२ व्होल्टच्या आणि मोठे ट्रक बहुधा २४ चे असतात.

निवासी व्हॅनसाठी हा वाद वायरपाशी येऊन सुटतो. एक हजार वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ८३ अँपिअर ओढतो, त्याची स्वतःची तूट धरली तर ९० च्या पुढे. बॅटरी तीन मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबे लागते. वायर १६ चौरस मिलिमीटरची घेतली तरी ८३ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो आणि सुमारे ४५ वॉट उष्णता वायरमध्ये निर्माण होते. तीच वायर २४ व्होल्टवर असेल तर उष्णता चौथ्या हिश्शावर, ११ वॉटवर येते. असे असूनही दीड-दोन हजार वॉटच्या आतल्या व्हॅनला १२ व्होल्टच योग्य. पंखा, पाण्याचा पंप, दिवे, फ्रिज हे सगळे १२ वर सहज मिळते आणि गाडीचा अल्टरनेटरही (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) त्याच दाबाचा असतो. बॅटरी इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवणे आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाशी लावणे, या दोन गोष्टी व्होल्टच्या निवडीहून जास्त मोलाच्या आहेत. रोज इंडक्शनवर स्वयंपाक किंवा एसी असेल तर २४ किंवा ४८ चा विचार करावा.

शंभर अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून खाली नेली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून वापरण्याजोगे वॉट-तास सहाशेच. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढे नुसते ‘फॉस्फेट’) बॅटरी १२८० वॉट-तासांपैकी हजाराहून जास्त देते आणि वजन तीस किलोंऐवजी बारा-तेरा किलो भरते. तिचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो. व्होल्टमीटर पाहून ‘अजून बरीच आहे’ असे समजणाऱ्याची रात्रीतून गाडी अंधारात जाते. तिला प्रवाह मोजणारा शंट हवाच.

सातारा जिल्ह्यातील हवामान : येथे पश्चिम आणि पूर्व भागांची गणिते वेगळी मांडावी लागतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा माण तालुका अवर्षणप्रवण आहे. माणमधील दहिवडीच्या उन्हात छतावरचे २०० वॉटचे पॅनेल निरभ्र दिवशी ७०० ते ८०० वॉट-तास देईल, म्हणजे लहान फ्रिजचा दिवसभराचा खर्च. कासच्या फुलांचा हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो, तेव्हा पठारावर ढग आणि धुके असते आणि त्याच पॅनेलवर भिस्त ठेवता येत नाही. तिथे उपयोगी पडतो तो गाडी चालताना चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर. तीस अँपिअरचा चार्जर सातारा ते महाबळेश्वर दीड तासाच्या वाटेत सहाशे वॉट-तास भरतो. तो वगळून फॉस्फेट बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडू नये. ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते, आणि पसरणी किंवा आंबेनळी घाटात इंजिन तापलेले व हवेचा झोत मंद असताना अल्टरनेटरची गुंडाळी जळते.

शून्य अंशाखाली फॉस्फेट बॅटरी चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते. थंडीत वेण्णा तलावाकाठी दव गोठते खरे, पण तो गवताच्या पात्यावरचा गारठा. व्हॅनच्या आत बॅटरी क्वचितच तितकी थंड होते. गरम पट्टीवाल्या महाग बॅटरीची या जिल्ह्यात गरज नाही.

महाराष्ट्र शासनाचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चे आहे. स्वतःच्या गाडीत बदल करताना मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू होते, म्हणून एमएच-१०, एमएच-११ किंवा एमएच-५० या पाट्यांच्या गाडीसाठी संबंधित परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी.

ड्रिलचे पॅक व्हॅनमधून भरता येतात. १२८० वॉट-तासांतून ९० चा पॅक तूट धरून दहा वेळा. उलट बाजूने, हत्याराच्या पॅकला अडॅप्टर लावून दिवा किंवा पंखा चालवताना जपावे. काही पॅकांत किमान दाबाला प्रवाह तोडणारी सोय पॅकमध्ये नसून हत्यारात असते, आणि अशा पॅकवर रात्रभर दिवा राहिला तर सकाळी चार्जर तो स्वीकारत नाही.