४२९ कोटींची संख्या आणि तिला पुरून उरलेला ६४१

व्हॉट्सॲपवर गणिताच्या "जादू"चे फॉरवर्ड येतात, ओळीने चार-पाच उदाहरणं आणि खाली "हे कायम चालतं". चार-पाच उदाहरणांनी नियम होत नाही, आणि हे ज्या संख्येमुळे मला पक्कं पटलं ती ४२९४९६७२९७, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७.

ही येते कुठून? २ चा ३२ वा घात अधिक १. फ्रान्समधल्या तुलूझचा न्यायाधीश पिएर द फर्मा, फावल्या वेळात गणित करायचा, त्याने २ चे १, २, ४, ८, १६ असे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला. आल्या ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या! १६४० च्या सुमारास त्याने पत्रांत लिहिलं की या सगळ्या मूळच असणार, सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती.

पुढची आपली. साध्या पद्धतीने तपासायचं तर ६५५३६ च्या आतल्या ६५४२ मूळ संख्यांनी भागत बसायचं, तेही हाताने. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने दाखवलं की ६४१ ने भाग जातो, उत्तर ६७००४१७. नंतर त्याने हेही सिद्ध केलं की हिला भागणारी मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असते, मग तपासायला राहतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी थेट ६४१.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, कारण यात मोठा भागाकार करायचाच नाही. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. १२८ हा २ चा ७ वा घात, ६२५ हा ५ चा ४ था आणि १६ हा २ चा ४ था. ६४१ ने भागून फक्त बाकी बघायची. ५ × १२८ झाले ६४०, ६४१ ला एक कमी, म्हणून बाकी −१ धरा. याचा चौथा घात केला की −१ चा १ होतो, म्हणजे ५ चा ४ था घात गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. पण ६२५ + १६ ला पूर्ण भाग जातो, म्हणून ६२५ च्या जागी −१६ चालतो, तो टाका, २ चे घात ४ आणि २८ मिळून ३२, आणि २ च्या ३२ व्या घाताची बाकी आली −१. त्यात १ मिळवा, शून्य! किती सुंदर आहे हे.

मोबाईल नंबरच्या अंकांची बेरीज करून नशीब सांगणारे लोक हिचीही बेरीज करतील: ५९, मग १४, मग ५. त्या ५ चा अर्थ एवढाच की ९ ने भागल्यावर बाकी ५ उरते. ६४१ कुठे लपलाय हे त्यातून कळत नाही, तर माणसाचं लग्न आणि धंदा काय कळणार?

याच यादीत पुढे ज्या ज्या संख्यांचा निकाल लागलाय त्या सगळ्या संयुक्त निघाल्या, ६५५३७ नंतर मूळ संख्या एकही सापडलेली नाही. निकाल न लागलेली पहिली संख्या म्हणजे २ चा ८५८९९३४५९२ वा घात अधिक १, आणि ती नुसती लिहून काढायलाच अडीचशे कोटींहून जास्त अंक लागतील.