मॅकबेथने झोपलेल्या राजाला मारलंच नव्हतं

शेक्सपिअरच्या नाटकामुळे डोक्यात पक्कं बसलेलं चित्र असं: स्कॉटलंडचा म्हातारा, सज्जन राजा डंकन पाहुणा म्हणून येतो आणि बायकोच्या चिथावणीने त्याचा सरदार मॅकबेथ त्याला झोपेत भोसकतो. खरा डंकन म्हातारा नव्हता. १०४० च्या ऑगस्टमध्ये तोच फौज घेऊन मॅकबेथच्या मॉरे परगण्यावर चालून गेला आणि एल्गिनजवळ मारला गेला.

मॅकबेथने गादी 'बळकावली' हेही अर्धसत्यच. बापामागून थोरला मुलगा हा शिरस्ता स्कॉटलंडमध्ये अजून रुजला नव्हता. राजघराण्याच्या शाखा आलटूनपालटून राज्य करत. डंकनचा हक्कसुद्धा आईकडूनच आलेला! मॅकबेथची बायको ग्रुओख राजघराण्यातलीच. तिचा पहिला नवरा १०३२ मध्ये पन्नास माणसांसह जाळला गेला होता. त्याचा मुलगा लूलख, म्हणजे मॅकबेथचा सावत्र मुलगा.

मॅकबेथचं राज्य टिकलं सतरा वर्षं. १०४५ मध्ये डंकनच्या बापाने उचल खाल्ली, तो लढाईत पडला. १०५० मध्ये मॅकबेथ रोमला गेला आणि बियाणं फेकावं तसा गरिबांत पैसा उधळला, अशी त्या काळची नोंद आहे. गादी डळमळीत असलेला राजा इतक्या लांब जातो का? पण १०५४ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियाचा सरदार सीवर्डने त्याला हरवलं आणि १०५७ मध्ये लम्फानन इथे डंकनचा मुलगा माल्कमने संपवलं. मग लूलख राजा झाला. काही महिन्यांत तोही मारला गेला.

आणि नाटकात मॅकबेथ ज्याचा खून करवतो तो त्याचा साथीदार बँको? तो झालाच नाही. सोळाव्या शतकात हेक्टर बोईसच्या इतिहासात तो स्कॉटलंडच्या पुढच्या स्ट्युअर्ट राजांचा पूर्वज म्हणून अवतरला. स्ट्युअर्टांचे खरे पूर्वज फ्रान्समधल्या ब्रिटनीहून आलेले.